शायनिंग टंगचं लिंबू

देवासला स्टेशन रोडवर यशराजने इंग्रजी बोलायचा क्लास काढला आणि नाव ठेवलं 'शायनिंग टंग'. चमकती जीभ. विनोदिनीकाकूंनी पाटी वाचली तेव्हा त्यांना डॉक्टर 'आ करा' म्हणतो तेव्हाची जीभ आठवली. पाटीखाली लिंबू आणि सात मिरच्या टांगलेल्या होत्या.

तरी त्या जिना चढल्या. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. डिक्शनरी आणि रेडिओ, एवढ्यावर तीस वर्षं पोळ्या लाटता लाटता इंग्रजी कमावलं होतं, आणि त्याला घरात कुणी विचारलं नव्हतं. आज अर्धा तास शिकवून दाखवायचं होतं. जमलं, तर उद्यापासून मास्तरीण. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ही एकच गोष्ट त्यांना हवी होती. इतकी की सकाळी भाजीत मीठ दोनदा पडलं.

त्यांनी फळ्यावर लिहिलं : शी इज टेरिबली ब्राइट.

भर मे महिन्यात लग्नातला सूट घालून मागे बसलेला यशराज उठला. "मॅडम, टेरिबल म्हणजे भयंकर. ब्राइट म्हणजे तेज, हुशार. दोनों साथ में नहीं आते. 'व्हेरी' लिहा."

"येतात ना, सर. टेरिबली ब्राइट, फ्राइटफुली क्लेव्हर. इंग्रज असंच बोलतात." काकू पुढच्या बाकाकडे वळल्या. तिथे सोनकच्छहून रोज बसने येणारी रुची बसली होती. "रुची, बाळाला न्हाऊमाखू घालून नटवलं, की आजी शेवटी काय करते?"

"काजळाची तीट लावते."

"का गं?"

"नजर लग जाती है ना, मॅडम."

"बस. तेज दिसलं की माणसाला धाकधूक होते. आपण काजळ लावतो, इंग्रज भीतीचा शब्द लावतात. मला तरी असंच वाटतं."

वर्ग हसला. या वर्गातल्या पोरी एरवी सर हसले की हसत. आज कळून हसल्या.

यशराजने काकूंना जिन्यात बोलावलं. "काकू, शिकवता मस्त. नोकरी पक्की समजा. फक्त आत जाऊन एवढं सांगा, की सर बरोबर होते. क्लास माझा आहे, माझी इज्जत जाते."

"म्हणजे चुकीचं शिकवू?"

"एक वाक्य तो है, काकू. ॲडजस्ट करा."

एक वाक्य. अशी वाक्यं काकूंनी घरात तीस वर्षं गिळली होती, सगळी मराठीत. इंग्रजी तेवढी अजून उष्टी व्हायची राहिली होती.

त्या आत गेल्या. "मुलींनो, सर म्हणतात, तेज आणि भीती एकत्र येत नाहीत. जाताना सरांची पाटी बघा. वर चमकती जीभ, खाली लिंबू-मिरची." मग पर्स उचलून जिना उतरल्या. संध्याकाळी कांदा चिरताना थोडं रडून घेतलं, म्हणजे कुणी कारण विचारायला नको.

महिन्याने रुची बस स्टँडवर भेटली. "मॅडम, सर आता तेच शिकवतात. काजळवालं. म्हणतात, लंदन के एक प्रोफेसर से सीखा."

"प्रोफेसर," काकू म्हणाल्या. "चला, बढती झाली."

"आणि पाटीखाली आता दोन लिंबं टांगतात."

"त्यातलं एक माझ्या नावाचं असेल," काकू म्हणाल्या, आणि सोनकच्छची बस लागताच गर्दीत कोपर घालून त्यांनी रुचीला खिडकीची जागा धरून दिली.