उजव्या हाताचा मोजा

उस्तादांनी उजव्या हाताचा मोजा काढायला सुरुवात केली. आधी करंगळी सैल केली, मग शेजारचं बोट, मग मधलं. जेवायला बसण्यापूर्वी एखादा खवय्या बाह्या दुमडतो तसं ते सावकाश आणि समाधानानं चाललं होतं. मोजा निघाला, त्याची घडी झाली, घडी कमरेच्या पट्ट्यात खोचली गेली. दोन खांबांमध्ये दोरांनी बांधलेला काळा घोडा तेवढ्यात घामानं निथळला होता. चाबकाला अजून कोणी हातही लावला नव्हता.

या घोड्याला कागदोपत्री एक लांबलचक खानदानी नाव होतं, पण सगळे त्याला जावई म्हणत. खाण्यापिण्याचे सगळे लाड पुरवूनही तोंड सदा फुगलेलं आणि कामाचं नाव काढताच अंग चोरायचं, म्हणून नालबंदानं हे नाव ठेवलं होतं. नालबंद स्वतः घरजावई असल्यामुळे त्याच्या या विषयातल्या अधिकाराबद्दल कोणाला शंका नव्हती.

फार्मच्या फाटकावर पाटी होती, 'हलका हात, हलकं पाऊल'. उस्ताद शिकवायचे ती घोडेस्वारीतली सर्वांत नाजूक विद्या. तिच्यात घोडा शर्यत धावत नाही, उड्या मारत नाही, कोणाला हरवत नाही. तो नाचतो. जागच्या जागी दुडकी धरतो, एकेक पाऊल उचलून क्षणभर हवेत ठेवतो, आणि पाठीवरच्या स्वारानं इशारा कधी दिला हे बघणाऱ्याला कळू नये यातच सगळं कौशल्य. उस्तादांचा इशारा खरोखरच कोणाला कधी दिसला नव्हता. तो सकाळी, फाटक उघडण्यापूर्वी देऊन झालेला असे.

दोर धरून खांबाशी मास्तरीण उभी होती. परकर सांभाळायच्या वयात ती या फार्मवर आली. आधी लीद उचलली, मग खरारा केला, मग स्वार झाली, आणि आता उस्तादांच्या हाताखाली शिष्यांना शिकवत होती. तिच्या डाव्या पोटरीवर एक आडवा वळ होता. रिकिबीत टाच खाली दाबत नाही म्हणून उस्तादांनी तो उमटवला होता. 'तेव्हा खाली गेलेली टाच अजून वर आलेली नाही,' असं ती नव्या शिष्यांना सांगे. शिष्य हसत. तीही हसे.

पहिला फटका मागच्या पायाच्या नळीवर बसला. जावयानं तो पाय उचलला. दुसरा फटका दुसऱ्या पायावर बसला, त्यानं तोही उचलला. उस्ताद तोंडानं ताल देत होते, मुलांना पाढे म्हणायला लावावं तसा. ताल वाढत गेला तसे फटके वाढले, आणि थोड्याच वेळात घोड्याच्या दोन्ही पायांवरून रक्ताचे ओघळ वाळूत उतरू लागले. तोंडाला फेस आला होता. तो उठत होता, पडत होता, दोरांना हिसके देत होता; नाचत मात्र नव्हता.

"पुरे, उस्ताद. रक्त येतंय."

"रक्त आहे म्हणून येतंय," उस्ताद म्हणाले.

"तुम्ही काय मागताय तेच त्याला कळत नाहीये."

"तुलाही कळत नव्हतं. कळलं ना?"

मास्तरणीनं पुढे होऊन चाबूक धरला. कधी न घडलेली गोष्ट घडल्यावर माणूस जितका थांबतो तितकेच उस्ताद थांबले. मग त्यांनी चाबूक हिसकला आणि त्याची मूठ तिच्या गालफडावर हाणली. ती तोंडावर पडली. वाळू, रक्त आणि एक सुटा दात असं काहीतरी तिच्या जिभेवर एकत्र आलं. उस्ताद पुन्हा घोड्याकडे वळले होते. रागावलेसुद्धा नव्हते. जणू मध्येच फोन वाजून गेला आणि आता पुढचं काम, इतकंच.

ती खांबाला धरून उठली. गाठ तिच्या डोळ्यांसमोर होती. तबेल्यातली गाठ अशी मारतात की घोडा कितीही ताणो, ती सुटत नाही. आणि माणसानं मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. तिनं टोक ओढलं.

एक बाजू मोकळी होताच जावई उरलेल्या दोराभोवती गर्रकन फिरला आणि त्याची मागची बाजू उस्तादांसमोर आली. पहिली लाथ जबड्यावर बसली. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. दुसरी लाथ कमरेत बसली आणि उस्ताद उचलले जाऊन कुंपणाच्या फळीवर आदळले. मग घोडा स्वतःच्याच पराक्रमाला घाबरून थरथरत उभा राहिला. उस्तादांचा जबडा गळ्यापर्यंत लोंबत होता आणि त्यातून एक बारीक, शिट्टीसारखा सूर निघत होता.

नालबंद भट्टी सोडून धावत आला. त्यानं उस्तादांकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं, मास्तरणीच्या फुटलेल्या गालाकडे पाहिलं.

"काढला शेवटी राग रुसलेल्या जावयानं," तो म्हणाला, आणि गाडी आणायला पळाला.

डॉक्टरांनी उस्तादांचा जबडा तारेनं शिवला. कमरेचं काही शिवण्यासारखं उरलं नव्हतं. ते आता चाकाच्या खुर्चीत बसणार आणि तिथेच राहणार होते. दोर तुटला असेल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. अख्खा दोर खांबावर लोंबत होता. मास्तरणीनं तो गुंडाळून ठेवला तेव्हा बघणारं कोणी नव्हतं, निदान तिला तसं वाटलं.

फार्मची जमीन काकूंच्या वडिलांची, म्हणजे आता काकूंची होती. काकू उस्तादांची बायको. त्या रिंगणाकडे कधी फिरकत नसत. भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्यांचे कपडे घालत आणि कोणी विचारलं तर म्हणत, मला वारं सोसत नाही. त्यांनी मास्तरणीला स्वयंपाकघरात बोलावलं, चहा आणि टोस्ट पुढे ठेवले आणि चहा थंड होईपर्यंत पातेल्याचा तळ घासत राहिल्या.

"खिडकीतून मी पाहिलं," त्या म्हणाल्या.

मास्तरणीनं कप खाली ठेवला.

"गाठ चांगली होती. एका ओढीत सुटली." काकूंनी पातेलं पालथं घातलं. "अजून एक टोस्ट घे. पण त्या बाजूनं चावू नकोस."

मग त्यांनी सरळ मुद्द्याचं सांगितलं. ज्यांचे घोडे फार्मवर शिकायला होते ते लोक हबकले होते. उस्ताद नाहीत तर इथे घोडा ठेवायचा कशाला, असं उघड म्हणत होते. घोड्यांचा दलाल तर घरी येऊन बसून गेला होता. जागा, तबेला, खोगिरं, सगळं घ्यायला तो तयार होता, आणि जावयाला तो वजनावर घेणार होता. वजनावर म्हणजे काय ते दोघींनाही ठाऊक होतं. काकूंचं म्हणणं असं, की एका रविवारी सगळ्यांना बोलवावं आणि जावयाला त्यांच्यापुढे नाचवावं. नाचला, तर लोक राहतील, आणि मग फार्म मास्तरणीनं चालवायचा. काकूंच्या माघारीही तिनंच. नाही नाचला, तर काकूंपाशी दुसरा इलाज नव्हता.

"आणि एक. चाबूक या फाटकाच्या आत मला पुन्हा दिसता कामा नये. छडीसुद्धा नको."

"नाही दिसणार, काकू."

त्याच दुपारी सगळे चाबूक नालबंदाच्या भट्टीत गेले. नालबंद भाता मारता मारता म्हणाला की इतकी वर्षं लोखंड तापवलं, विद्या तापवायची वेळ पहिल्यांदाच आली. मास्तरणीला हसताना गालावरचे टाके दुखले.

मग तिनं जावयाला नव्यानं शिकवायला घेतलं. पायांना मलम लावलं, गाजरं खाऊ घातली, तासन्‌तास नुसती शेजारी उभी राहिली. जावई सुधारला. तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपू लागला, तिच्या आवाजावर चालू लागला, वळू लागला, दुडकी धरू लागला. फक्त नाचत नव्हता. मार बंद झाला हे नाचायला पुरेसं कारण आहे, असं त्याला काही केल्या वाटत नव्हतं.

एका गारठलेल्या सकाळी खोगिराचा पट्टा नीट बसेना म्हणून तिनं उजव्या हाताचा मोजा काढायला घेतला. मधल्या बोटापर्यंत आली असेल नसेल, तोच जावयाच्या अंगातून एक लाट गेली आणि त्याचे पाय उचलले जाऊ लागले, तालात, उंच, एकदम बिनचूक. ती अर्धा निघालेला मोजा तसाच ठेवून बघत राहिली. मग तिचं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे गेलं. ते पांढरे झाले होते. त्यानं स्वतःची जीभ चावली होती आणि लाल फेस तिच्या बाहीवर उडत होता. तिनं मोजा परत चढवला, त्याच्या मानेला मिठी मारून उभी राहिली. तो थांबायला खूप वेळ लागला. त्यानंतर तिनं त्याच्यासमोर मोजा काढला नाही. पट्टे, बक्कलं, गाठी, सगळं जाड बोटांनी, धडपडत केलं. ही गोष्ट ती कोणाला बोलली नाही.

रविवारी माणसं जमली. दुर्बिणी आणलेले जाणकार पुढच्या रांगेत बसले. रिंगण पंधरा पावलांवर होतं, पण दुर्बिणीशिवाय जाणकार ओळखू कसा येणार? उस्तादांना चाकाच्या खुर्चीतून आणून सावलीत ठेवलं होतं, गुडघ्यांवर घोंगडी घालून. शेजारी काकू बसल्या. दलालही आला होता. इकडून चाललो होतो, सहज डोकावलो, असं तो ज्याला त्याला सांगत होता. त्याचा ट्रक फाटकाबाहेर मागची फळी उघडून उभा होता, तोही सहजच.

जावई सुंदर चालला. आडवा गेला, वळला, दुडकी धरली, थांबला. मग मास्तरणीनं त्याला रिंगणाच्या मधोमध आणलं आणि आवाज दिला. जावयानं कान हलवले. तिनं पुन्हा आवाज दिला, टाचा अलगद दाबल्या, लगाम किंचित उचलला. जावई देवळाबाहेरच्या दगडी हत्तीइतका निश्चल उभा राहिला. कोणीतरी खोकलं. जाणकारांनी दुर्बिणी खाली घेतल्या. पुढच्या रांगेतल्या एका बापानं मुलीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गाडीची किल्ली बाहेर काढली. उस्ताद खुर्चीतून शांतपणे बघत होते. दलालानं सिगारेट बुटाखाली चिरडली आणि ट्रकवाल्याकडे मान वळवली.

मास्तरीण खाली उतरली. लगाम धरून त्याच्या समोर उभी राहिली. जावयानं तिच्या खांद्यावर नाक टेकलं आणि उबदार श्वास सोडला. तिनं एकदा फाटकाबाहेरच्या उघड्या फळीकडे पाहिलं.

मग एक पाऊल मागे येऊन तिनं उजव्या हाताची करंगळी सैल केली. मग शेजारचं बोट.

मधल्या बोटाशी जावई नाचू लागला.

असा नाच त्या फार्मवर कोणी पाहिला नव्हता. एकेक पाऊल उचललं जात होतं, हवेत ठरत होतं आणि वाळू न उडवता परत येत होतं. मोजा पूर्ण निघाला. तिनं त्याची घडी केली. पट्ट्यात खोचली. नाच आणखी उंच झाला. जाणकारांच्या दुर्बिणी पुन्हा वर गेल्या होत्या.

"इशारा कुठे दिला? दिसला तुम्हाला?"

"छे. हीच तर विद्या आहे."

टाळ्या सुरू झाल्या. तारांनी बंद केलेल्या तोंडातून उस्ताद एक आवाज काढत होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. शिष्येचं कौतुक बघून उस्तादांना रडू आलं, असं म्हणून मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे टिपले. मास्तरणीनं त्यांच्याकडे पाहिलं. उस्ताद हसत होते.

त्यांच्या शेजारी काकूंची मान खांद्यांत गेली होती. उजवं कोपर वर येऊन चेहऱ्यापुढे आडवं झालं होतं, आणि डोळे घट्ट मिटलेले होते.

"ऊन येतंय का, काकू?" शेजारच्या बाईनं विचारलं.

काकूंनी डोळे उघडले. सावलीत बसलेल्या होत्या. त्यांनी हात सावकाश खाली घेतला आणि बाही मनगटापर्यंत ओढली.

"हो," त्या म्हणाल्या. "थोडं."

दलाल रिकामा ट्रक घेऊन गेला. एकानंही आपला घोडा हलवला नाही. उलट दोघांनी आणखी घोडे पाठवायची बोलणी केली. जावयाच्या पायाला कोणी बोट लावलं नव्हतं, तरी नालबंदानं त्याचं तोंड धुतलं तेव्हा बादलीतलं पाणी लाल झालं. त्यानं ती बादली लांब नेऊन ओतली. त्याला विनोद सुचला नाही असं पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी काकू तबेल्याच्या दारात आल्या. हातात चाव्यांचा जुडगा होता: फाटक, दाणाघर, खोगीरखोली, सगळ्यांचा. मास्तरणीनं घाईनं हात कपड्याला पुसला आणि पुढे केला.

काकू पुढे आल्या नाहीत.

"काकू, मला दुसरं काही सुचलं नाही. तो ट्रक—"

"आधी मोजा घाल," काकू म्हणाल्या.

तिनं पट्ट्यातून मोजा काढला. हात घामानं ओला होता, बोटं आत जाईनात. करंगळी दोनदा चुकीच्या घरात गेली. काकू दोन पावलं लांब, चाव्या छातीशी धरून उभ्या राहिल्या. घाई केली नाही, मदतही केली नाही. आतल्या अंधारात पेंढ्यावर जावयाची पावलं अजून पडत होती, तालात, एकही न चुकता.

मोजा मनगटापर्यंत चढल्यावर काकूंनी चाव्या तिच्या तळहातावर ठेवल्या, हाताला हात लागू न देता.