हृदयापेक्षा पंचवीस सेंटिमीटर वर

माझा भाऊ बाळ आता एकच शब्द बोलतो: "बरोबर." चहा हवा का, बरोबर. कुठे दुखतंय का, बरोबर. ज्या माणसाने पन्नास वर्षे दुसऱ्या कोणाचेही म्हणणे बरोबर ठरू दिले नाही, त्याच्या मेंदूतल्या रक्तस्रावाने नेमका हाच शब्द शिल्लक ठेवला. यामागे कोणाचा हेतू नाही. हेतू माझा होता.

तळजाई टेकडीच्या पायथ्याशी रोज सकाळी एक हृदयमित्र मंडळ भरते. ते चालवतात रंगनाथराव, वाणिज्याचे निवृत्त प्राध्यापक. रोज पाऊण तास भरभर चाला, लोणचे-पापड आवरा, तंबाखू सोडा, वेळेवर झोपा, असे ते सांगतात. यातल्या एकाही वाक्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती मंडळाच्या एका प्रथेला. ज्याचा रक्तदाब सलग तीन रविवार एकशे चाळीसच्या खाली येईल, त्याला 'गोळीमुक्त' घोषित करून शाल आणि श्रीफळ द्यायचे. बाळचा सत्कार जानेवारीत झाला. मार्चमध्ये तो न्हाणीघरात पडला.

एका घटनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सूडाला संख्याशास्त्र लागत नाही.

मापन-उपकरणांची अचूकता तपासण्यात माझी एकतीस वर्षे गेली. रक्तदाब मोजायचे यंत्रच खोटे असणार, या खात्रीने मी जूनमध्ये मंडळाची सभासद झाले आणि तपासणीच्या निमित्ताने ते एक दिवस घरी आणले. यंत्र निर्दोष निघाले. चूक सापडली ती पुढच्या रविवारी, आणि ती यंत्रात नव्हतीच. दसऱ्याला पूजलेले, हळदीकुंकू लागलेले ते यंत्र जमिनीवर ठेवायचे नाही, असा रंगनाथरावांचा दंडक होता. म्हणून ते दगडी कट्ट्यावर विराजमान असे, आणि सभासद खाली सतरंजीवर मांडी घालून हात वर कट्ट्यावर ठेवत. दंडाचा पट्टा हृदयापेक्षा सुमारे पंचवीस सेंटिमीटर वर. तेवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब एकोणीस-वीस अंक भरतो, आणि तेवढाच तो प्रत्येकाच्या आकड्यातून वजा होत होता.

रंगनाथरावांच्याही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या गोळ्या सोडल्या होत्या आणि कट्ट्यावरचा त्यांचा आकडा होता एकशे अडतीस. म्हणजे हा मनुष्य लबाड नव्हता. आपल्या चुकीवर त्याची निष्ठा होती.

मी कोणालाही काही सांगितले नाही. फक्त थांबायचे होते. चार रविवार मी सतरंजीच्या कडेला बसून त्यांचा चेहरा न्याहाळत राहिले: ओठ एका बाजूला ओघळतो का, शब्द अडखळतो का.

पाचव्या रविवारी धायरीचे जयसिंग माझ्या शेजारी येऊन बसले. काटक शरीर, मोठा आवाज.

"मॅडम, आज तिसरा रईवार हाय माझा. आजपास्नं डॉक्टरला रामराम!"

"घरी विचारलंत?"

"घरची म्हनती, गोळी नगं सोडू. म्हनलं, तू काय डॉक्टर हायस का?"

त्यांचा आकडा आला एकशे अठ्ठावीस. टाळ्या झाल्या. रंगनाथरावांनी शालीची घडी मोडली. जयसिंगांशी माझे काहीच भांडण नव्हते, आणि मी ज्याची वाट पाहत होते ते आधी यांच्या वाट्याला येण्याची शक्यता तेवढीच होती.

"थांबा," मी म्हणाले. "चहावाल्याचं ते बुटकं स्टूल मिळेल का?"

"आनंदीबाई, यंत्र कट्ट्यावरून हलणार नाही."

"यंत्र नाही हलवत. माणूस हलवते."

जयसिंग स्टुलावर बसले. पट्टा हृदयाच्या पातळीत आला. पाच मिनिटे मी त्यांना बोलू दिले नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत अवघड भाग होता. आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस.

"आयला! म्हंजे घरचीच डॉक्टर निघाली की!"

"आता आपण, रंगनाथराव."

"मला गरज नाही. माझा परवाच एकशे अडतीस होता."

"तो कट्ट्याचा होता. तुमचा अजून कोणी मोजलेला नाही."

कोणीतरी हसले. त्या हसण्यामुळेच ते बसले असावेत. वरचा एकशे एकसष्ट, खालचा एकशे दोन. दुसऱ्यांदा मोजला, एकशे त्रेसष्ट. मी चार वाक्यांत कारण सांगितले. वाणिज्याच्या माणसालाही वजाबाकी समजते.

"बाळासाहेबांचा..." ते हळू म्हणाले, "त्यांचा एकशे चौतीस आला होता."

"वीस मिळवा."

त्यांनी मिळवले. ते चेहऱ्यावर दिसले.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"महिना झाला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही पडायची वाट पाहत होते."

मी शब्द मागे घेतले नाहीत; ते अचूक होते. जयसिंगांनी शाल उचलली, घडी घातली आणि कट्ट्यावर ठेवली. "चालू ठिवतो गोळी," एवढेच म्हणाले.

"आजवर किती जण गोळीमुक्त केलेत?" मी विचारले.

"त्रेचाळीस."

"एक जण फोन घेऊ शकत नाही. उरलेल्या बेचाळीस जणांना आत्ता, इथे, माझ्यासमोर फोन करायचे. आकडा चुकीचा होता म्हणायचं, आजच डॉक्टरांकडे जा म्हणायचं. शेवटचा फोन तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांना."

"आनंदीबाई, घरून केले तर..."

"इथून."

त्यांनी यादी काढली, चष्मा चढवला, नंबर लावला. सवयीने मी त्यांचे ओठ पाहिले, हात पाहिले. दोन्ही ठीक होते.

"नमस्कार, मी रंगनाथ बोलतोय, मंडळातून. अहो, आपली जरा एक चूक झाली आहे..."

"'आपली' नव्हे," मी म्हणाले. "'माझी' म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पलीकडून कोणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणत होते.

"माझी जरा एक चूक झाली आहे," ते म्हणाले.

"'जरा'ही काढा. आणि पुन्हा म्हणा."