बाहेर काढलेलं सामान

मुकादमांचा एक नियम होता : एकदा खोलीबाहेर काढलेलं सामान त्याच खोलीत पुन्हा मावत नाही. चौतीस वर्षं लोकांची घरं हलवून काढलेला निष्कर्ष होता तो. त्यामुळे निवृत्त झाल्यापासून घरातल्या माळ्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. बायको दर महिन्याला "माळा आवरू या" म्हणे आणि मुकादम दर महिन्याला नियम सांगत. संसार सुखाचा चालला होता.

लेकीला दिवस गेले आणि नियम अंगाशी आला.

दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीला जावई परगावी होता, म्हणून मुकादम सोबत गेले. पडद्यावर दीड पेराएवढं बाळ दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी नाळेच्या बुंध्याशी असलेला फुगवटा दाखवला.

"हे आतडं. सध्या पोटाबाहेर आहे, नाळेत."

"कुणी काढलं?"

"त्याचं तेच जातं, काका. तुमचंही गेलं होतं. आतडं भराभर वाढतं, पोट लहान, त्यात यकृत आधीच हातपाय पसरून बसलेलं. मग आतडं नाळेत जाऊन वाढतं. बाराव्या आठवड्याच्या सुमारास पोटात जागा झाली की परत येतं."

"आणि नाही आलं तर?" लेकीनं विचारलं.

"क्वचित होतं तसं. मग जन्मानंतर ऑपरेशन लागतं. तीन आठवड्यांनी या, बघू."

घरी येताना नियम मुकादमांच्या जिभेच्या टोकाशी आला होता आणि लेकीला सांगण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिस्किटांचा डबा रिकामा केला आणि बागेची नळी त्यात बसवायला घेतली. सात वेळा बसवली. सातही वेळा वीतभर बाहेर राहिली.

बायको दारातून बघत होती. "बिस्किटं कुठायत?"

"बाहेर काढली."

"मग आता ती काही परत मावायची नाहीत."

एरवी बायकोला नियम पटला म्हणून ते खूश झाले असते. त्या दिवशी मात्र जेवले नाहीत.

तेराव्या आठवड्यात लेकीनं त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. डॉक्टरीणबाई पोटावरून यंत्र इकडून तिकडे फिरवत राहिल्या, बोलेनात. ही शांतता मुकादमांच्या ओळखीची होती. घरमालक खोकी मोजत असला की अशीच पसरते.

"आलं आत," बाई म्हणाल्या. "सगळं."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुकादमांचा विश्वास बसेना.

"सगळं? एखादी पिशवी तरी जिन्यात राहतेच."

"काही राहिलेलं नाही."

"आणलं कसं?"

बाईंनी हातानं दाखवलं. "बाहेर असतानाच पाव फेरी फिरतं. आत येताना आणखी अर्धी. आधी लहान आतडं येतं, मोठं शेवटी, आणि ते कडेकडेनं चौकटीसारखं बसतं."

मुकादमांनी हवेत हात फिरवून पाहिला. जिन्याच्या वळणावर कपाट फिरवायचं तर त्यांना चार माणसं, दोन दोर आणि भरपूर शिव्या लागत. तेही पाऊण फेरी जमेलच असं नाही.

"फिरवा, उचला, असं सांगायला कोण असतं आत?"

"कोणी नाही."

"दिवा?"

"अंधारच."

मुकादमांनी पडद्याकडे बघत टोपी काढली. एरवी काचेचं कपाट न तडकता चौथ्या मजल्यावरून उतरलं, तरच ते टोपी काढत.

घरी येताच त्यांनी शिडी लावली.

"अहो, आणि तुमचा नियम?"

"बोटभर जिवाला जमतं," मुकादम म्हणाले, "आपल्याला काय धाड भरलीय?"

संध्याकाळपर्यंत माळा खाली आला, पुसून झाला आणि वर गेला. एक पत्र्याची ट्रंक तेवढी वाटेत उरली. मुकादमांनी ती पाव फेरी फिरवली. मग अर्धी. मग तिच्यावर बसले.

"आता?" बायकोनं विचारलं.

"राहू दे दोन-तीन आठवडे," मुकादम म्हणाले. "माळा वाढला की जाईल."