डावे हात

सा देक गावातल्या आमच्या शाळेत व्हिन्हसर इंग्रजीचे प्रमुख आहेत. त्यांच्याशी इंग्रजीत बोलायला गेलं की त्यांना नेमका खोकला येतो. यापेक्षा जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

गेल्या वर्षी माझी तासपाहणी ठरली. तीन परीक्षक मागच्या बाकावर बसून एक तास बघणार आणि त्यावर माझी नोकरी पक्की होणार, नाहीतर जाणार. घरात कमावणारी मी एकटी, त्यामुळे सरांनी हसत हसत फर्मावलेलं सगळं मी मुकाट्यानं केलं.

आठवडाभर आठवीच्या मुलांकडून एकच धडा घोटून घेतला. कुणाला काय विचारायचं, त्यानं काय उत्तर द्यायचं, कुठं हसायचं, सगळं ठरलेलं. शिवाय शाळेचा नेहमीचा नियम होताच. प्रश्न आला की प्रत्येकानं हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. बाई फक्त उजव्या हातवाल्याला उठवणार आणि परीक्षकांना वाटणार, काय हुशार वर्ग आहे.

"सर, हे नाटक झालं," मी एकदा म्हटलं.

"थोआबाई, नाटक चांगलं बसवता येणं म्हणजेच शिकवणं," हू तियूच्या वाडग्यातल्या शेवयांचा भुरका मारत सर म्हणाले. "नोकरी हवीय ना? मग गप बसा."

पाहणीच्या दिवशी धडा सुरळीत चालला होता. इतका सुरळीत, की माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत पहिल्या बाकावरच्या झिएम नावाच्या मुलीनं उत्तर देऊन टाकलं. मागे परीक्षक खूश होऊन माना डोलवत होते. माझं डोकंच फिरलं. मी पुस्तक मिटलं आणि साध्या इंग्रजीत विचारलं, "आज सकाळी काय खाल्लंत?"

सहा वर्षं ही मुलं इंग्रजी शिकताहेत. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकेक करून सगळे हात वर गेले. सगळेच्या सगळे डावे.

मी झिएमला उठवलं. ती रडवेली झाली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "बाई, मी डावा केलाय ना."

संपलं, मला वाटलं. मी परीक्षकांकडे पाहिलं तर तिघांनीही एकदम कागदात डोकं घातलं होतं. तिघंही दुसऱ्या शाळांतले शिक्षकच. त्यांच्या शाळांत तरी दुसरं काय चालतं? माझं बिंग फोडायचं तर स्वतःचंही फुटणार.

थोरले परीक्षक घसा साफ करून म्हणाले, "छान. सगळा वर्ग भाग घेतो. बस बाळ."

माझी नोकरी पक्की झाली. शेऱ्यात 'उत्साही वर्ग' असं लिहून आलं.

दुसऱ्या दिवशी व्हिन्हसरांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता झापणार.

"डावा-उजवा आता सगळ्यांना कळायला लागलंय," ते म्हणाले. "यापुढे येत असेल तर पंजा उघडा, नसेल तर मूठ. तुम्ही आता कायमच्या झालात, तर साऱ्या वर्गांना हे तुम्हीच शिकवा."

मी शिकवलं. मुलं एका तासात शिकली, एकही चुकलं नाही.