‘नंतर’ नावाचा फोल्डर

“अपघाताच्या अहवालात लिहा, मेलच्या यंत्रणेत तांत्रिक बिघाड झाला,” साहेब म्हणाले. “कुणाचंच नाव नको.”

तक्रारबाईंनी तेवढं टाइप केलं. लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत तक्रारींचे मेल वाचण्यात त्यांची एकवीस वर्षं गेली, म्हणून हे नाव पडलेलं. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. नोकरी गेली तर काय होईल, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

रोज दोनशे मेल हाताने वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाकता टाकता मान मोडायची. म्हणून लेकीने त्यांना प्रोग्राम लिहायला शिकवलं. तीन रविवार मायलेकी संगणकाला चिकटून बसल्या. “आई, त्याला एकेक गोष्ट फोड करून सांग. तो मनाने काही करत नाही.” मेलमध्ये ‘अडकले’ दिसलं की ‘तातडीचे’. नव्या लिफ्टची चौकशी असली की ‘विक्री’. आणि एकाच माणसाने आठवड्यात तिसऱ्यांदा लिहिलं, की ‘नंतर’. हा शेवटचा नियम बाईंच्या डोक्यातला, आणि खरं सांगायचं तर तो मास्तरांसाठीच होता.

एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणारे हे निवृत्त मास्तर रोज लिहायचे. आज लिफ्टमधला दिवा, उद्या आरसा, परवा बटण. ऑफिसात त्यांची टिंगल चालायची, बाईही हसायच्या. पण हसत का होईना, वाचायच्या. प्रोग्राम आला आणि तेवढंही सुटलं. तो पहिल्यांदा चालला, त्या दिवशी बाईंनी अख्ख्या ऑफिसला चहा पाजला होता.

‘नंतर’ उघडला तो काल, सगळं होऊन गेल्यावर. मास्तरांचे नऊ मेल निघाले. लिफ्ट आलेली नसतानाच दार उघडतं, माणूस पाठवा. मग, “कुणी पाय टाकू नये म्हणून मी दारासमोर खुर्ची टाकून बसलो आहे.” शेवटचा परवा सकाळचा, “हे लिहिण्यापुरता घरात आलो आहे.” नेमकी तेवढ्यातच, हल्ली सगळं विसरणारी त्यांची बायको बाहेर पडली. दार उघडं पाहून तिला वाटलं लिफ्ट आली, आणि तिने खुर्ची बाजूला सरकवली.

“बाई, प्रोग्राम तुमचा आहे. मी तुम्हालाच वाचवतोय,” साहेब म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

इतक्यात मास्तरांचा मेल आला. प्रोग्राम बंद करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. बाईंच्या डोळ्यांदेखत तो मेल ‘नंतर’मध्ये जाऊन पडला. त्यांनी उघडला.

“माझी तक्रार आता बंद करावी. खुर्ची मी आत घेतली आहे. आपला वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी बिघाडाची ओळ खोडली आणि लिहिलं, “हे मेल बाजूला टाकण्याचा नियम मी लिहिला.” खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

“अहो, घरच्या माणसाचा तरी विचार करा,” साहेब हळूच म्हणाले.

“केला,” बाई म्हणाल्या.

आणि नावाच्या वर त्यांनी आणखी एक ओळ घातली. “प्रोग्राममध्ये कोणताही बिघाड नव्हता. तो सांगितल्याप्रमाणे चालला.”