खरवड

“नीलाबाईच्या जाग्यावर उद्यापासून मीच येऊन राह्यली,” नवी आलेली स्वाती सहज बोलून गेली, आणि इंदुताईच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं.

पोंभुर्ण्याजवळच्या आश्रमशाळेत इंदुताई आणि नीलाबाई दोघी स्वयंपाकिणी. पोरं जेवून उठली, की भाताच्या मोठ्या गंजाला बुडाशी धरलेली खरवड काढायची, तिला तिखटमीठ चोळायचं आणि मागच्या पायरीवर बसून कुरुमकुरुम खायची. एवढंच. त्यात कसलं आलंय सुख, असं म्हणणाऱ्यानं ती कधी खाल्लेली नसावी. नवरा गेला, लेक सासरी गेली, तरी इंदुताई तगली ती या पायरीच्या जोरावर.

ती तडक मागच्या दारी गेली. नीलाबाई ताटलीत मीठ घेऊन बसली होती.

“काऊन वं, कुठी चालली तू?”

नीलाबाईची मान खाली गेली. “माह्या प्रफुलनं भद्रावतीले खोली केली. नातवाले सांभाळाले कोनी नाई.”

“कदी ठरलं?”

“पोळ्याले.”

पोळ्याला! मधे दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि या बयेनं ब्रसुद्धा काढला नाही!

“मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं तं तू रोज रडत बसली असती. मले हे असं हसत-खिदळत बसनंच पाह्यजे होतं. रोज मनात म्हनत होती, चला, आज आनखी एक दिवस भेटला.”

आता इंदुताईच्या ध्यानात आलं. म्हणूनच ही हल्ली एकेक तुकडा चघळत बसायची. ‘बस ना वं घडीभर, कुठी आग लागली?’ म्हणायची. इंदुताईच्या लग्नात वऱ्हाडाची गाडी नाल्यात रुतली होती, ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. आणि इंदुताई? भांडी पडली आहेत म्हणत चार घासांत उठायची. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तू चव घेत होती, नीला. मी नुसती पोट भरत होती. मलेबी घेऊ द्याची होती ना चव! दोघीईचे दिवस होते ते. तू एकटीनंच खाल्ले.”

नीलाबाईनं पदर डोळ्यांना लावला. “चुकलं माह्यं. ये, बस. आज शेवटची खाऊ.”

इंदुताईनं पाण्याची बादली उचलली आणि पायरीजवळच्या तापल्या गंजात उपडी केली. चर्र आवाज झाला, वाफ उठली, खरवड फुगून वर तरंगायला लागली. नीलाबाईनं पदर खोचला आणि ती गंजापाशी जाऊन बसली.

आवाज ऐकून स्वाती धावत आली. “बाई, गंज मी घासू का?”

“उद्यापासून घास,” इंदुताई म्हणाली. “आज तिलेच घासू दे.”

आणि मूठभर राख घेऊन ती गंजाच्या दुसऱ्या बाजूला, नीलाबाईकडे न बघता, घासायला बसली.