तेवीस मिलिग्रॅम

"श्वास रोखा जरा," बाई म्हणाल्या.

दारात उभ्या असलेल्या शिपायाने तोंडावर पंजा धरला आणि पंजाआडूनच विचारलं, "मी एवढा लांब आहे, बाई. माझ्या श्वासानं किलोभर पितळ उडून जाणार आहे का?"

"पितळ उडत नाही. काटा हलतो."

काचेच्या पेटीतल्या तराजूचा काटा डावीकडे गेला, उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे गेला. बाईंनी दर फेरीला तो कुठवर पोचला ते लिहून घेतलं आणि सरासरी काढली. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. पहिल्यांदा त्यांना वाटलं होतं की खोलीतली हवा अजून स्थिरावली नसेल. दुसऱ्यांदा वाटलं, आपले डोळे. आता तिसऱ्यांदाही तोच आकडा आला होता. शहराचं प्रमाण वजन, म्हणजे ज्याच्यावरून बाकीची सगळी वजनं तपासायची ते पितळी किलो, संचातल्या बाकीच्या वजनांच्या बेरजेपुढे तेवीस मिलिग्रॅमने कमी भरत होतं.

वजनमाप कार्यालयातल्या या बंद खोलीत बाईंची एकतीस वर्षं गेली होती. ऑफिसात पाठीमागे सगळे त्यांना मिलिग्रॅमबाई म्हणत. बाईंना चहा दिला तर साखर किती दाणे कमी पडली तेही सांगतील, असा कँटीनचा विनोद होता. बाईंना तो ठाऊक होता आणि त्यांना त्यात चुकीचं काही वाटत नव्हतं. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्या इथे चिकटल्या त्या चिकटल्याच. मखमलीच्या पेटीतली दहा वजनं, एक चिमटा, मऊ कातड्याचा एक हातमोजा. वजनाला उघड्या बोटांनी शिवायचं नाही, कारण बोटाचा तेलकटपणासुद्धा वजनात मोजला जातो. एवढं सांभाळलं की झालं, अशी त्यांची साधी समजूत होती.

घोटाळा झाला तो आठ दिवसांपूर्वी. राष्ट्राध्यक्ष नव्या बाजाराचं उद्घाटन करायला आले होते. एक तारखेपासून नवा कायदा येणार होता. कुठलाही निरीक्षक दुकानाची पायरी चढणार नाही, आपली वजनं बरोबर आहेत हे दुकानदार स्वतःच लिहून देईल, सरकार त्याच्या शब्दावर विश्वास ठेवेल. व्यासपीठ सजवणाऱ्यांना अध्यक्षांच्या हातात द्यायला काहीतरी चकचकीत हवं होतं. संचालकांनी प्रमाण वजन मागून नेलं. बाईंनी पेटीबरोबर हातमोजाही दिला, वर चार वेळा बजावलं. हातमोजा कुणाच्या खिशात राहिला कोण जाणे; बाईंना तो दुसऱ्या दिवशी परत मिळाला. अध्यक्षांनी उघड्या हाताने वजन उंच धरलं, "हे आजपासून तुमच्या हातात!" असं गरजले, आणि टाळ्यांच्या भरात ते समोरच्या दगडी कठड्यावर दाणकन आपटलं. लोक उभे राहिले. नवव्या रांगेतल्या बाई बसूनच कठड्याकडे पाहत राहिल्या.

तळाच्या कडेला नखाएवढासुद्धा नाही, असा टवका उडाला होता.

संचालक आत आले. गेल्या वर्षी नेमलेला पस्तिशीचा माणूस, वागायला सरळ. खोलीत शिरण्याआधी चपला काढायच्या हे त्याने पहिल्याच दिवशी शिकून घेतलं होतं.

"झालं का, बाई? शुक्रवारपासून चारशे दुकानदारांचे संच याच वजनाशी जुळवायचेत. मग हे बाजारात काचेच्या पेटीत जाणार. खाली अध्यक्षांचा फोटो. तुमची तेवढी सही हवी."

"तेवीस कमी आहे."

"तेवीस काय?"

"मिलिग्रॅम."

"म्हणजे किती?"

बाईंनी विचार केला. "तांदळाचा एक दाणा."

संचालक मोकळेपणाने हसले. "अहो, मग घाबरवता कशाला! मला वाटलं काहीतरी झालं."

"झालंच आहे. सूट सोळाची असते."

"कुठल्या नियमात?"

"निळ्या पुस्तकात."

"निळं पुस्तक एक तारखेला रद्द झालं," संचालक म्हणाले, आणि नवा फॉर्म पुढे केला. फॉर्मवर फरकाचा रकानाच नव्हता. 'समाधानकारक' असं छापलेलं होतं, त्याच्यापुढे एक चौकोन, खाली सहीची जागा. असमाधानकारकासाठी चौकोन नव्हता. बाईंनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"मी वर विचारून घेतो," संचालक म्हणाले.

वरचं उत्तर दोन तासांनी आलं. संचालकांनी ते चिठ्ठीवर जसंच्या तसं उतरवून आणलं होतं आणि वाचताना त्यांच्याही कपाळाला आठ्या होत्या. "अध्यक्षांनी उचललेलं वजन हेच प्रमाण मानावं. प्रमाण कमी असू शकत नाही. बाकीची वजनं तेवीस मिलिग्रॅमने जास्त आहेत."

 बाईंना राग यायला हवा होता. पण त्या वाक्यातली चूक शोधत बसल्या आणि चूक सापडेना. कॉलेजात त्या शिकल्या होत्या की किलो म्हणजे शेवटी सगळ्यांनी मिळून ज्याला किलो म्हणायचं ठरवलं ते. कधीकाळी कुणीतरी धातूचा एक गोळा कपाटात ठेवला आणि याला किलो म्हणा असं सांगितलं. मग आज दुसऱ्या कुणी दुसऱ्या गोळ्याविषयी सांगितलं तर काय बिघडलं? काहीतरी बिघडलं होतं एवढं नक्की. काय, ते त्यांना कागदावर मांडता येत नव्हतं.

संध्याकाळी त्या घरी आल्या. घर म्हणजे धाकट्या भावाच्या किराणा दुकानावरच्या दोन खोल्या, त्यातली मागची त्यांची. ऑफिसातल्या बातम्या त्यांच्याआधी घरी पोचत.

"ताई, तू सही अडवून धरलीस म्हणे?" भावाने जिन्यातच गाठलं.

"अडवली नाही. अजून केली नाही."

"नव्या बाजारात मला चौदा नंबरचा गाळा मिळतोय. यादी शनिवारी लागायची आहे. आणि तू कशासाठी, तर एका दाण्यासाठी!"

"वन्सं, मी तुम्हाला पसाभर तांदूळ देते," भावजय ओट्यापाशी भांडी लावत होती तिथून म्हणाली. "त्यातला हवा तो दाणा निवडा आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून या. फिटलं."

बाईंना हसू आलं. भाऊ मात्र हसला नाही.

"या कायद्यानं मला मोकळा श्वास दिलाय, ताई. वीस वर्षं तुझ्या ऑफिसची माणसं माझ्या दुकानात यायची. काटा बरोबर असला तरी खोट काढायची. साखरेचं पोतं उचलून न्यायची. तेव्हा तुझा दाणा कुठे होता?"

"मी कधी कुणाकडून चिमूटभर मीठ घेतलं नाही."

"घेतलं नाहीस. पण तुला दिसत होतं ना?"

दिसत होतं. त्याच निरीक्षकांची वजनं बाई दर सहा महिन्यांनी हातमोजा घालून तपासून देत आणि ती अगदी बिनचूक असत. त्या रात्री जेवताना त्यांनी ताटाकडे पाहत हिशेब केला. तेवीस मिलिग्रॅमने कुणाचं किती नुकसान होईल? कुणाचंच नाही. शहरातल्या एकाही दुकानाच्या तराजूला एवढा फरक कळत नाही. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. गाळा भावाच्या आयुष्यात एकदाच येणार होता. सही करायची, त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर त्यांना शांत झोपही लागली.

सकाळी संचालकांसमोर बसून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"बरं झालं, बाई," संचालक म्हणाले. "आणि एक करा. पेटीतल्या बाकीच्या वजनांतलं शिसं थोडंथोडं खरवडून ती पण याच्याशी जुळती करून टाका. वरून सांगितलंय. दोन आकडे नकोत म्हणे."

प्रत्येक वजनाच्या पोटात शिशाची एक गोळी ठोकलेली असते आणि तिच्यावर शिक्का. वजन नेमकं करायचं ते तिथून. बाईंनी सही न करताच फॉर्म उचलला, तराजूच्या खोलीत येऊन हातमोजा चढवला, पाचशे ग्रॅमचं वजन चिमट्याने उचललं, उलटं धरलं आणि टोचा शिशाला लावला. शिक्क्यावर त्यांच्याच हाताने ठोकलेलं साल होतं. बाहेर शिपाई कुणालातरी सांगत होता, "आत जाऊ नका, बाई मापतायत."

बाईंनी टोचा खाली ठेवला. मग वजन पेटीत ठेवलं, हातमोजा काढला, आणि फॉर्मच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: तेवीस मिलिग्रॅम कमी. तळाला टवका. कारण, दगडावर आपटलं. खाली सही केली. चौकोन रिकामाच राहिला.

यात धैर्य वगैरे काही होतं असं त्यांना तेव्हाही वाटलं नाही, नंतरही नाही. आदल्या रात्रीचा हिशेब त्यांना अजूनही बरोबरच वाटत होता. हाताने मात्र दुसरंच काहीतरी लिहिलं होतं.

संचालकांनी कागद दोनदा वाचला. "कुणी आपटलं, ते नाही लिहिलंत?"

"ते मापात येत नाही."

 "माझी नोकरी नवी आहे हो, बाई," ते म्हणाले, आणि खणातून दुसरा फॉर्म काढून त्यांनी चौकोनात खूण केली, स्वतः सही केली. बाईंचा कागद त्यांनी फाडला नाही. घडी घालून खिशात ठेवला. का, ते त्यांनी सांगितलं नाही. "सोमवारपासून तुम्ही टपाल विभागात बसा. पेटीची किल्ली शिपायाकडे द्या."

"आणि हातमोजा?"

"तो आता कशाला लागणार आहे कुणाला? असू द्या तुमच्याकडे."

शनिवारी गाळ्यांची यादी लागली. चौदा नंबरपुढे दुसऱ्याचं नाव होतं. बाई संचालकांना विचारायला गेल्या, तेव्हा त्यांनी गळ्याची शपथ घेऊन सांगितलं की आपण कुणाकडे चकार शब्द काढलेला नाही. खरंच काढला नसेल. यादी आधीच ठरलेली असेल, किंवा नसेलही. नाव बाईंमुळे गेलं की आपोआप, हे सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि त्यासाठी कुठला फॉर्मही नव्हता.

भाऊ आठ दिवस बोलला नाही. जेवायला हाक मारायची तर भावजयीकडून. "वन्सं, तुमचे बंधू विचारतायत, तुम्हाला वाढू का," ती म्हणे, आणि समोरच बसलेला भाऊ भिंतीकडे पाही. मधल्या एका दिवशी सगळ्या दुकानदारांबरोबर त्यालाही नवा संच घरपोच मिळाला. झाकणावर अध्यक्षांचं चित्र होतं, हात उंचावलेला, हातात वजन. बाईंनी ती पेटी उघडून पाहिली नाही.

नवव्या दिवशी रविवार होता. भावजय बाहेर गेली होती म्हणून बाई खाली दुकानात पुड्या बांधायला बसल्या होत्या. शेजारची म्हातारी पिशवी घेऊन आली.

"किलोभर तांदूळ दे रे. मोडका नको हां."

भावाने नव्या पेटीतलं किलोचं वजन एका पारड्यात ठेवलं, दुसऱ्यात तांदूळ ओतले. पारडी समान झाली. तो तराजू उतरवायला लागला आणि थांबला. पोत्यातून दोन बोटांत एक दाणा उचलून त्याने तो पारड्यात टाकला.

"हे काय रे, एकच?" म्हातारी म्हणाली. "चेष्टा करतोस होय गरिबाची?"

"तेवढाच कमी होता, आजी."

तो बाईंना टोमणा मारत होता की आणखी काही सांगत होता, त्यांना कळेना. त्याने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पारडी होती तशीच राहिली. त्या तराजूला एक दाणा कळत नाही, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी पुडीचा दोरा हातात धरून त्या काट्याकडे पाहत राहिल्या, आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून धरला आहे.